ताराबाईंच्या पश्चात

चालविणारी बाई सोडून गेली की बालवाडीला कुलूप लागते, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव. डहाणूहून फार दूर नसलेल्या कोसबादला मात्र तसे घडले नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सोबतीस आल्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन केलेल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ती हीच. १९५७ साली कार्य कोसबादच्या टेकडीवर आले. तेथील आदिवासी मुले गुरांमागे जात. मग शाळाही कुरणात भरू लागली.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई निवर्तल्या. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. संस्थापिकेचे नाव मोठे, पदरी पैसा थोडा. अशा वेळी संस्था बहुधा स्मारक होऊन बसते. पण येथे उत्तराधिकारी शोधावा लागला नाही. जवळजवळ अठ्ठावीस वर्षांच्या सहवासात तो घडलाच होता. शिवाय साधने रानातली, त्यामुळे ती कोणाबरोबर निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता! (आपल्या संस्थांत कपाटाच्या किल्ल्यादेखील एकाच व्यक्तीपाशी असतात.)

अनुताईंनी पुढे एकोणीस वर्षे, २७ सप्टेंबर १९९२ रोजी देह ठेवीपर्यंत, ही टेकडी सोडली नाही.