मुद्दाम चुकणारे प्रोग्राम : मेमरीतील दोष शोधणाऱ्या साधनांची कथा

सी किंवा सी++ भाषेतील प्रोग्राम गरजेनुसार ‘हीप’मधून मेमरी मागून घेतो आणि काम संपताच ती परत करतो. परत केलेली जागा त्याने पुन्हा वाचली, तर तो गंभीर दोष होय. तरीही बहुधा उत्तर बरोबरच येते, आणि पुढे त्याच फटीतून घुसखोर आत शिरतो.

हा अदृश्य दोष पकडण्याचे प्रयत्न जुने आहेत. 1987 साली ब्रूस पेरेन्स यांनी ‘इलेक्ट्रिक फेन्स’ रचले. त्यात प्रत्येक वाटपाशेजारी मेमरीचे एक निषिद्ध पान असे. सीमा ओलांडताच प्रोग्राम जागीच थांबे. मात्र दहा बाइटांसाठीही अख्खे पान खर्ची पडे. 2006 मध्ये दिनकर धूर्जटी आणि मुंबई आयआयटीचे पदवीधर विक्रम अडवे यांनी इलिनॉय विद्यापीठात त्यावर तोड काढली : प्रत्येक वाटपाला नवा आभासी पत्ता द्यायचा, प्रत्यक्ष पान मात्र सामाईक ठेवायचे.

अडवे आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी घडवलेल्या एलएलव्हीएम कम्पायलरवरच पुढे गूगलच्या अभियंत्यांनी ‘अ‍ॅड्रेस सॅनिटायझर’ उभारले. 2012 च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, प्रोग्रामच्या दर आठ बाइटांमागे एक ‘छाया-बाइट’ नोंद ठेवतो आणि परत केलेली जागा काही काळ विलगीकरणात राहते. प्रोग्राम सरासरी 73 टक्के मंदावतो. पूर्वीच्या अनेक साधनांत तो कित्येक पट मंदावत असे.

पण पहारेकरी गप्प असेल, तर चोर नाही म्हणून, की पहारेकरीच झोपला म्हणून? हे ठरवण्यासाठी मुद्दाम चुकणारे प्रोग्राम लिहिले जातात. दहा बाइट घ्यायचे, परत करायचे आणि मग त्यांतील एक वाचायचा. प्रोग्राम कोसळला आणि अहवालात दोषाचे नेमके नाव व जागा आली, तरच चाचणी उत्तीर्ण!

हाच प्रोग्राम वेगवर्धनाच्या चार पातळ्यांवर कम्पाइल केला जातो. कारण चतुर कम्पायलर निरुपयोगी वाटलेले वाचन गाळून टाकू शकतो. मग दोषही नाहीसा होतो आणि पहारेकऱ्याची परीक्षाच होत नाही.

आज बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेपासून चिप-कंपन्यांपर्यंत एलएलव्हीएम परिवारावर काम चालते. कम्पायलर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी या छोट्या चाचण्या अवश्य वाचाव्यात. साधनावर विश्वास ठेवण्याआधी त्याला ठाऊक असलेली चूक दाखवून पाहणे, ही प्रयोगशाळेतील जुनी रीत संगणकशास्त्रानेही पाळली आहे.