अंकाई-टंकाई : एक डोंगर, दोन दृष्टी

मनमाडहून दक्षिणेस येवल्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर अंकाई-टंकाईची जोडी दृष्टीस पडते. शिखर म्हणावे असे टोक या डोंगरांना नाही. माथे सपाट आणि कडे ताशीव. दख्खनच्या लाव्हाथरांची युगानुयुगे झीज होताना वरचा कठीण थर जेथे टिकून राहिला, तेथे असे माथे उरले. दुर्ग बांधणाऱ्यांचे निम्मे काम निसर्गानेच करून ठेवले होते.

सुमारे ३,२०० फूट उंचीच्या अंकाईवर पोहोचणाऱ्यास या जागेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. वायव्येस सातमाळा रांगेतील दुर्गांची माळ, जवळच हडबीच्या शेंडीचा सुळका आणि खाली दूरवर पसरलेले मैदान. सुरतेहून औरंगाबादेस जाणारी वाट या परिसरातून जात असे. सतराव्या शतकात आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने या मार्गावरील मुक्काम म्हणून अंकाईची नोंद केली आहे. वाट ज्याच्या नजरेत, तिच्यावर सत्ताही त्याची! म्हणूनच सन १६३५ मध्ये शहाजहानच्या सेनेने हा दुर्ग जिंकून घेतला. सन १८१८ च्या एप्रिलमध्ये मात्र कर्नल मॅकडॉवेलच्या इंग्रज फौजेपुढे तो एक गोळीही न झाडता रिता झाला. तटबंदीचे सामर्थ्य अखेर आतल्या माणसांच्या मनोबलाइतकेच असते, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

परंतु या डोंगराचा जुना मान दुर्गाचा नव्हे. अंकाई गावातून वर चढू लागताच टंकाईच्या दक्षिण अंगास जैन लेणी लागतात. एका स्तंभावरील झिजलेल्या लेखाच्या अक्षरवळणावरून ती अकराव्या-बाराव्या शतकातील मानली जातात. आकाराने ती लहान आहेत. वेरूळची भव्यता येथे शोधू नये. कोरीवकाम मात्र थक्क करणारे आहे. दुमजली मांडणी, नक्षीदार द्वारशाखा, छतावरील उमललेले कमळ, गजारूढ इंद्र, अंबिका आणि शांतिनाथ व पार्श्वनाथ यांच्या उभ्या मूर्ती! अनेक मूर्तींची मुखे आज झिजली वा भंगली आहेत. जेम्स बर्जेस यांनी फर्ग्युसन यांच्यासमवेत सन १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेणीग्रंथात यांची दखल घेतली.

विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की दुर्गकारांनी माथा निवडला, तर लेणी कोरविणाऱ्यांनी पायथ्याजवळचा उतार. एकास दूरचा शत्रू दिसावयास हवा होता. दुसऱ्यास वाटेवरचा श्रावक थोड्या श्रमात येऊन पोहोचावयास हवा होता. आज गडावर जाणारे बहुसंख्य पर्यटक ही पायरी घाईने ओलांडून माथ्याकडे धावतात, आणि उतरताना थकव्यामुळे लेणी राहून जातात.

दर्शनार्थींनी सकाळच्या उन्हात प्रथम लेणी पाहावीत, मग खिंडीतून वर जावे. वेळ राखल्यास चांदवडच्या डोंगरातील जैन लेण्यांचे दर्शनही त्याच दिवशी घडू शकते.