आजारपणात घरी थांबणे (हंगामी फ्लू)

आजारपणात घरी थांबणे हा हंगामी फ्लूचा (इन्फ्लुएंझा) प्रसार रोखण्याचा प्राथमिक उपाय आहे. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी ही लक्षणे दिसताच रुग्णाने शाळा, कामाचे ठिकाण, बाजार व समारंभ टाळून घरी विश्रांती घेणे, असे त्याचे स्वरूप असते.

शास्त्रीय आधार

फ्लूचा विषाणू खोकताना व शिंकताना उडणाऱ्या तुषारांतून आणि दूषित हातांवाटे पसरतो. लागण झाल्यावर साधारणतः १ ते ४ दिवसांत लक्षणे प्रकट होतात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे सुमारे ५ ते ७ दिवस रुग्णापासून इतरांना लागण होऊ शकते. लहान मुलांत हा काळ अधिक असतो. सुरुवातीचे तीन-चार दिवस सर्वाधिक संसर्गाचे असल्याने पहिल्याच दिवशी घरी थांबणे महत्त्वाचे ठरते. तापाचे औषध न घेता २४ तास ताप न येणे, हा घराबाहेर पडण्याचा सर्वसाधारण निकष आहे.

महाराष्ट्रातील साथी

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेली साथ रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. सप्टेंबरपासूनची दुसरी लाट अधिक घातक ठरली. गोंदियाचा परिसर तेव्हा ज्या मध्य प्रांतात होता, तेथेही मोठी प्राणहानी झाली. स्वाइन फ्लूने भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. त्यानंतर तेथील शाळा-महाविद्यालये काही काळ बंद ठेवण्यात आली. त्या साथीत केंद्र शासनाने रुग्णांचे तीन वर्ग केले. सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी घरी राहावे. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे वा नखे निळसर पडणे अशा लक्षणांत मात्र त्वरित रुग्णालयात दाखल व्हावे, असे त्यात सांगितले होते.

व्यावहारिक अडचणी

भारतात फ्लूचे रुग्ण प्रामुख्याने जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात व त्यानंतर वाढतात. गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या भातपट्ट्यातील गावांत पावसाळा हा रोवणीचा हंगाम असतो. रोजंदारीच्या मजुराला घरी थांबल्यास त्या दिवसाच्या मजुरीस मुकावे लागते. कर्मचारी राज्य विमा योजनेनुसार पात्र विमाधारक कामगारांना आजारपणात वर्षाला कमाल ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के लाभ मिळतो. शेतमजुरांना हे संरक्षण नाही. त्यामुळे या उपायाचे यश रुग्णाच्या इच्छेइतकेच त्याच्या उत्पन्नाच्या सुरक्षिततेवरही अवलंबून असते.

घरातील दक्षता

स्वतंत्र खोली नसल्यास रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ व इतरांपासून दूर घालावे. नाक-तोंड झाकणे, साबणाने हात धुणे आणि वृद्ध, गर्भवती व तान्ह्या मुलांपासून अंतर राखणे आवश्यक असते.