जलपर्णी व वेडी बाभूळ निर्मूलन आणि हिवाळी पक्षी (नांदेड-लातूर)

बाहेरून येऊन माजलेल्या वनस्पती काढल्यावर हिवाळी पाहुण्या पक्ष्यांच्या अधिवासात होणारा बदल. नांदेड-लातूरकडे त्यात तीन वनस्पती येतात : पाण्यावर जलपर्णी, तळ्याकाठी बेशरम आणि गायरानात वेडी बाभूळ. तिघींचे मूळ अमेरिका खंडांतले.

नांदेडात गोदावरीचा प्रवाह मंदावला आणि त्यात सांडपाणी मिसळले, की जलपर्णी फोफावते. हवा मानवली तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या जाड थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, पाणगवत मरते. तलवार बदक, चक्रांग, थापट्या यांना उतरायला मोकळे पाणीच उरत नाही. म्हणून ती काढणे बदकांच्या फायद्याचे. कमळपक्षी आणि पाणकोंबडी मात्र याच तरंगत्या थरावर हिंडून किडे टिपतात, हिवाळ्यात आलेले धोबीही तिथे दिसतात. उपसलेला ढीग काठच्या चिखलात टाकणे तर शुद्ध अडाणीपणा. तुतवारांची चरण्याची जागा तीच, आणि पहिल्या पुरात ढीग पुन्हा नदीत.

गायरानाचे गणित वेगळे. वेडी बाभूळ 1877 च्या सुमारास भारतात आली. सरपण आणि कोळसा तिने भरपूर दिला, पण उघड्या माळाचे तिने रान केले. भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतात, जमिनीवरच झोपतात. गुजरातेतील वेळावदरच्या माळावर त्यांचा मोठा रात्रमुक्काम असतो आणि तिथेही ही बाभूळ आवरावी लागते. उलट ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे दाट काटेरी झाडीत रात्र काढतात. झाडी एका दमात तोडली तर त्यांचा आसरा जातो. (गोफण घेऊन माळ्यावर उभ्या शेतकऱ्याला याचे दुःख होणार नाही, पण भोरड्या टोळ-नाकतोडेही फस्त करतात.)

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात 1982 साली चराई बंद झाली. म्हशी गेल्या, उथळ पाण्यात गवत दाटले आणि पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. वनस्पती आवरणारे कोणीतरी लागतेच, हे तिथे दिसले.

निर्मूलनाला एप्रिल-मे हा काळ योग्य : पाणी उतरलेले असते, बहुतेक पाहुणे परतलेले असतात. ऐन डिसेंबर-जानेवारीत यंत्रे पाण्यात घातली तर जलपर्णीबरोबर बदकेही उठतात. काम टप्प्याटप्प्याने आणि दरवर्षी करावे लागते, कारण जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे तग धरते. सांडपाणी नदीत येतच राहिले, तर पावसाळ्यानंतर तोच खर्च पुन्हा करावा लागतो.