आळ

आपण आरोप ‘करतो’, पण आळ ‘घेतो’. आणि ज्याच्यावर घेतला, त्याच्यावर तो ‘येतो’. “बिचाऱ्यावर चोरीचा आळ आला” म्हटले की आणला कोणी, हे वाक्यातून निसटतेच!

जुन्या कोर्टकचेरीच्या मराठीत आरोपीला ‘तोहमतदार’ म्हणत. तोहमत हा शब्द अरबीतला, फारसीमार्फत आलेला. तिला निदान कागद लागे, साक्षी लागत. आळाला काहीच लागत नाही. गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिला एवढ्यावर कृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला, अशी कथा आहे. त्याने मणी शोधून आणला नि सुटला.

आमच्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात मात्र एक आळ असा, की त्याला मणीच नाही. पोर दगावले, गाय आटली, की भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि एखादी एकटी बाई ‘भुताळी’ ठरते. आपण भुताळी नाही, हे तिने कशाने दाखवावे? मग मारहाण होते, गाव सुटते, कधी जीवही जातो.

2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अमकी करणी करते असे भासवून संशय उठवणे हाच गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, शिवाय दंड. म्हणजे आळ घेणाराच तोहमतदार! कायद्याच्या अनुसूचीत बारा कलमे आहेत. मराठीतच आहेत. शिक्षकबंधूंनी ती एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. भगतालाही बोलवावे.