शाहूमहाराजांचें अखेरचें दुखणें

इतिहासकार ज्या सहजतेनें एखाद्या राजपुरुषास भ्रमिष्ट अथवा दुर्बळ मनाचा ठरवून मोकळे होतात, तितक्या सहजतेनें कोणताही विचारी डॉक्टर आपल्यासमोर बसलेल्या रोग्यास तसें ठरवीत नाहीं. साताऱ्याचे शाहू छत्रपति यांच्या अखेरच्या दिवसांविषयीं जें लिहिलें गेलें आहे, तें या दृष्टीनें एकदां तपासून पाहण्यासारखें आहे. प्रश्न केवळ एका वृद्ध राजाच्या प्रकृतीचा नाहीं. मृत्यूपूर्वीं महाराजांनीं राज्यकारभार बाळाजी बाजीराव पेशव्यांकडे सोंपविणाऱ्या दोन चिठ्ठ्या दिल्या, आणि मराठी सत्तेचें केंद्र साताऱ्याहून पुण्यास गेलें. चिठ्ठ्या देणाऱ्याचें चित्त ठिकाणावर नव्हतें असें म्हटलें, कीं त्या सत्तांतराचा पायाच डळमळूं लागतो.

साताऱ्यास रेसिडेंट असलेला ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत असें नमूद केलें आहे, कीं धाकटी राणी सगुणाबाई हिच्या मृत्यूमुळें महाराजांची बुद्धि कांहीं वर्षें मंदावली होती, आणि प्रकृति ढासळत गेली तशी ती उलट ताळ्यावर आली. महाराजांनीं एकदां आपल्या कुत्र्यास भरजरी वस्त्रें व रत्नें लेववून स्वतःची पगडीही त्याच्या मस्तकावर ठेविली, ही कथाही त्यानेंच दिली आहे. पुढील अनेकांनीं ही हकीकत फारशी शहानिशा न करतां उचलली.

आतां डॉक्टर काय करतो तें पाहूं. घाबरेपणा, बेचैनी, चित्ताची अस्थिरता हीं त्याच्या लेखीं रोगाचीं नांवें नव्हेत. तीं लक्षणें होत. आपल्या जुन्या वैद्यांनीं परीक्षेचीं दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशीं तीन अंगें सांगितलीं आहेत, आणि चरकानें उन्मादाचे वातादि दोषांपासून होणारे चार व बाहेरून येणारा पांचवा असे भेद केले आहेत. आजचा डॉक्टर साधनें निराळीं वापरतो. परंतु त्याचाही पहिला प्रश्न हाच असतो, कीं हें केव्हांपासून?

या पहिल्याच प्रश्नास डफची हकीकत टिकत नाहीं. सगुणाबाई वारली १७४८ सालीं. महाराज निवर्तले १५ डिसेंबर १७४९ रोजीं. मध्यें फार तर दीड वर्ष जातें. विकार जर 'कांहीं वर्षें' होता, तर तो राणीच्या मृत्यूपूर्वींच सुरू झाला असला पाहिजे. आणि जें मागून घडलें तें आधींच्या विकाराचें कारण होऊं शकत नाहीं. उलट राणीच्या वियोगानंतरच विकार सुरू झाला असेल, तर 'कांहीं वर्षें' हे शब्द खोटे ठरतात. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानतां येत नाहींत.

डॉक्टरांचा दुसरा प्रश्न शरीराचा. हात पुढें करावयास सांगून ते बोटांचा कंप पाहतात; वजन, भूक, झोंप, तंबाखू, चहा, चालू औषधें यांची विचारपूस करतात; पंडुरोग, हृदयाची अनियमित गति, ज्वर हीं पडताळून पाहतात. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि बेफाम झाल्यास माणूस चिडखोर व कासावीस होतो, हें डब्लिनच्या ग्रेव्हजनें १८३५ सालीं व जर्मनीच्या बासेडोनें १८४० सालीं वर्णिलें. केवळ चिंतेनें वाढलेली नाडी झोंपेंत बहुधा शांत होते, या ग्रंथीच्या विकारांत ती झोंपेंतही जलद राहते. रक्ततपासणी नव्हती त्या काळीं डॉक्टर हा भेद अशा रीतीनें ओळखीत. ज्या मिरजेवर महाराजांनीं १७३९ सालीं स्वारी केली, त्याच मिरजेंत १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं रुग्णालय उघडलें. परंतु महाराजांची नाडी मोजण्यास तें दीडशें वर्षें उशिरां आलें! आणि ज्या शरीराची परीक्षा झालीच नाहीं, त्याचा दोष मनाच्या माथीं मारण्याचा अधिकार कोणास नाहीं.

तिसरा प्रश्न पूर्वायुष्याचा व घरच्या परिस्थितीचा. १६८९ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, या मुलाच्या पित्याचा क्रूर वध झाला. त्याच वर्षीं रायगड पडून तो आईसह मोगलांच्या कैदेंत गेला, तो १७०७ सालीं सुटला. उतारवयांत पोटीं पुत्र नाहीं, दोन राण्यांत वितुष्ट, गादीच्या वारसाविषयीं दरबारांत कारस्थानें, आणि वय सदुसष्ट. यांतील एकेक गोष्टही स्वस्थ मनुष्याची झोंप उडविण्यास पुरेशी आहे. अशा स्थितींत आलेली बेचैनी हा रोग कीं परिस्थितीचें यथार्थ ज्ञान, हें ठरविणें सोपें नव्हे.

राहिली कुत्र्याची गोष्ट. वाघाच्या शिकारींत त्या कुत्र्यानें महाराजांचे प्राण वांचविले, हेंही डफच सांगतो. संगम माहुलीस महाराजांच्या समाधीपाशीं त्याचेंही स्मारक आहे. वर्तन विचित्र वाटलें म्हणजे तें वेडाचें लक्षण, असा निष्कर्ष डॉक्टर काढीत नाहीं. त्या वर्तनाला त्या माणसाच्या आयुष्यांत कांहीं अर्थ आहे काय, हें तो आधीं शोधतो. येथें तो अर्थ उघड आहे. त्याचें नांव कृतज्ञता.

मग चिठ्ठ्यांचें काय? येथें आणखी एक विवेक केला पाहिजे. आजार असणें आणि निर्णयशक्ति नसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८७२ सालचा आपल्याकडील कराराचा कायदाही असें मानतो, कीं एरवीं विकल असलेल्या माणसाचें चित्त ज्या वेळीं ठिकाणावर असेल, त्या वेळीं तो करार करूं शकतो. महाराज अखेरीस शुद्धीवर आले होते, हें डफचेंच विधान आहे. तें खरें धरिलें, तर आजाराच्या सबबीवर चिठ्ठ्या बाद करतां येत नाहींत. त्या कोणाच्या दडपणाखालीं लिहिल्या गेल्या काय, हा वाद निराळा. तो कागदपत्रांनीं सोडवावा, रोगाच्या नांवानें नव्हे.

आपल्या घरोघरींही एखादी सून 'घाबरट' आणि एखादे आजोबा 'चळलेले' ठरलेले असतात. केव्हांपासून, शरीरांत काय, भोंवतीं काय, हे तीन प्रश्न त्यांच्याविषयीं कोणी विचारलेले असतात काय? शाहूमहाराजांना ते विचारण्याची वेळ टळून गेली आहे. या जिवंत माणसांच्या बाबतींत ती अजून हातांत आहे.