बोटावरची पिवळी पूड

फेब्रुवारीची सकाळ. निफाड तालुक्यातल्या एका शेतात तुम्ही कांद्याच्या कमरेएवढ्या डोंगळ्यांत उभे आहात. पोकळ हिरव्या दांड्यांवर पांढरे गोंडे, गोंड्यांवर मधमाश्या. एका गोंड्यावरून बोट फिरवा. पिवळी पूड लागते. घरच्या उळ्यासाठी, म्हणजे बियाण्यासाठी, काकांनी हे कांदे चाळीतून एकेक निवडून लावलेत. त्या निवडीतली निम्मी पुंजी या पुडीत आहे.

डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल असेल 1925, गाव कॅलिफोर्नियातलं डेव्हिस. कांद्याचे संशोधक हेन्री जोन्स ‘इटालियन रेड’ कांद्याच्या एका झाडापाशी वाकलेत. इथंही बोट फिरवा. कोरडंच राहतं. फुलं उमललीत, पण पराग नाही, म्हणून स्वतःचं बीही धरलेलं नाही. वंश इथंच खुंटायचा. पण गोंड्यातच चिमुकले कंद धरलेत. जोन्स ते लावतात आणि 13-53 क्रमांकाचं हे झाड त्यांतून जगतं.

आता कणाएवढे व्हा, परागकोशात शिरा. भिंतीला लागून पोसणाऱ्या पेशींचा थर आहे, टॅपेटम. मधल्या मातृपेशीत 16 गुणसूत्रं; ती दोनदा विभागते आणि चार पेशी होतात, प्रत्येकीत 8. निरोगी फुलात टॅपेटम या चौघींभोवतीचं वेष्टन विरघळवतो, त्यांना भरवतो, कवचासाठी माल पुरवतो आणि शेवटी स्वतः विरून जातो. प्रत्येक काम वेळेवर व्हावं लागतं. 13-53 मध्ये ही घडी विस्कटते. कोवळे परागकण सुरकुततात, रिकामे पडतात.

असं का होतं? 1943 मध्ये या. जोन्स आणि त्यांचे सहकारी क्लार्क कोडं उलगडून मांडतायत. वांझपणाचं एक कारण पेशीद्रवात आहे, ते फक्त आईकडून येतं. दुसरं केंद्रकात, आईबाप दोघांकडून आलेल्या जनुकात. दोन्ही जुळली तरच पराग मरतो; केंद्रकात एक प्रभावी जनुक असलं की तो पुन्हा धरतो. पेशीद्रवातलं ते कारण मायटोकाँड्रियात असतं, हे पुढे कळलं. मायटोकाँड्रिया आईच्या बीजांडातून पुढे जातात, परागातून नाही. पराग मेला तरी त्यांचं काही अडत नाही. केंद्रकाचा मात्र अर्धा वारसा परागावरच स्वार असतो. एका पेशीत नांदणाऱ्या दोघांचं हित असं वेगळं आहे.

या भांडणातूनच संकरित कांदा उभा राहिला. गोंड्यात शेकडो बारीक फुलं. प्रत्येकातले सहा पुंकेसर हातानं कोण खुडणार? वांझ ओळीशेजारी परागाची ओळ लावली की उरलेलं काम माश्या करतात. आणि आपल्याला विकायचा असतो कांदा, बी नव्हे. म्हणून संकरित पीक स्वतः वांझ निघालं तरी बिघडत नाही. मात्र त्या पिकातून घरचं एकसारखं उळं मिळत नाही. याउलट, पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या एन-2-4-1 सारख्या सरळ वाणाचं उळं शेतकरी स्वतः धरू शकतो.

परत निफाडला या. बोटावरची पूड अजून तशीच आहे. कणाकणात 8 गुणसूत्रं, आणि कणाकणामागे वेळेवर विरून गेलेला एक थर. बांधावर फवारणीचा पंप भरून ठेवलाय. तुम्ही त्याच्याकडे पाहता, तसे काका मान हलवतात.

“माशी फिरतेय तोवर पंप उचलायचा नाही.”